गियर बदलतो कोण?

बरेच दिवस हे लिहायचं राहून जात होतं. नातेवाइकांपैकी निम्म्यांना ही गोष्ट आईने फोनवर सांगितलीच आहे, पण ती तिच्या परातीच्या बाजूने. ही माझी बाजू.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आई-अण्णा आमच्याकडे मिशिगनला आले होते. त्याच्या थोडं आधी मी एक १९७२ सालची अमेरिकन गाडी घेतली होती. लांबलचक, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, गियरचा दांडा स्टिअरिंगला. गाडी ऑटोमॅटिक होती, आणि पन्नास वर्षं चालून तिचा गियरबॉक्स थकला होता. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी पुढे ओढायची नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. तेव्हा मी ठरवलं की आपणच उघडायचा. (मी मेकॅनिक नाही. कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरणारा माणूस आहे. पण आमच्या भागात गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या हौशी लोकांची काही कमी नाही, आणि जुनी सर्व्हिस मॅन्युअलं सहज मिळतात.)

अण्णांनी तीस वर्षं ट्रक चालवला. आता त्यांचा डावा गुडघा गेलाय, क्लच दाबवत नाही, म्हणून गावाकडे त्यांनी गाडी चालवणंच सोडलं होतं. बोलून दाखवत नसत, पण माझ्या शेजारी बसले की त्यांचा डावा पाय हलायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "क्लच नाही, ठीक आहे. पण मग गियर बदलतो कोण?"

मी म्हणालो, "आपोआप बदलतो, अण्णा."

"आपोआप काही होत नाही. कुणीतरी करत असतं."

झालं. पुढचे सहा आठवडे आम्ही त्या 'कुणीतरी'ला शोधत होतो. थोडे गॅरेजमध्ये, थोडे पुस्तकांत.

अण्णांना गियर बदलणं म्हणजे काय हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक. जुन्या ट्रकांना डबल क्लच मारावा लागे. म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, खालच्या गियरला जायचं असेल तर जरा रेस द्यायची, पुन्हा क्लच, मग गियर. फिरणाऱ्या दातांचा वेग जुळला तर दांडा लोण्यात सुरी जावी तसा जातो, नाही जुळला तर सगळ्या गावाला ऐकू जातो. मोटारीच्या पहिल्या पिढीपासून, म्हणजे १८९० च्या दशकातल्या फ्रान्समधल्या पानार-लव्हासोर गाड्यांपासून, हे असंच चाललं होतं. दातांवर दाते सरकवायचे, बाकी चालकाच्या कानावर भिस्त.

ही कटकट संपवणारा माणूस म्हणजे अर्ल थॉम्पसन. त्याच्या कल्पनेवर बेतलेला सिंक्रोमेश गियरबॉक्स १९२८ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आला. दाते एकमेकांत घुसण्याआधी छोटे शंकू एकमेकांवर घासून वेग जुळवतात, एवढीच युक्ती. जे काम अण्णांचा कान करायचा, ते शंकूने केलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पण ऑटोमॅटिकची मुळं वेगळीकडे आहेत, आणि ती शोधताना मला एक गंमत सापडली. घरी गियरबॉक्स दुरुस्त करणारा मी काही पहिला नाही. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी खपली, आणि तिच्यात सरकणारे दाते नव्हतेच. होते प्लॅनेटरी गियर. मध्ये एक चाक, त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह. आणि सहसा (मॉडेल टीमध्ये नाही) सगळ्यांच्या बाहेर, आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. दाते कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. तिघांपैकी एकाला धरून ठेवलं, दुसऱ्याला फिरवलं, की तिसरं वेगळ्या वेगाने फिरतं. कुणाला धरायचं ते बदललं की गियर बदलला! मॉडेल टीमध्ये हे धरण्याचं काम पट्टे करत, आणि पट्टे आवळायचे ते पायाने. डावं पेडल दाबलं की हळू गियर, सोडलं की जोरात, मधलं पेडल मागे जाण्यासाठी, उजवं ब्रेक. तीन पेडलं आणि त्यात ॲक्सिलरेटर नाही! तो हाताने. हे ऐकून अण्णा हसून हसून खोकले.

त्या पट्ट्यांना आतून कापडी अस्तर असे आणि ते झिजे. बदलायचं काम मालक घरीच करत. अमेरिकन शेतकरी आपल्या गोठ्यात गाडी उभी करून, झाकण काढून पट्टे बदलायचा. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण एका जुन्या परंपरेत आहोत म्हणायचं.

दुसरं मूळ थेट समुद्रात आहे. जर्मनीतल्या स्टेटिन बंदरात (हे शहर आज पोलंडमध्ये आहे) व्हल्कन नावाच्या जहाज कारखान्यात हेर्मान फ्योटिंगर काम करत होता. वाफेची टर्बाइन फार जोरात फिरते, जहाजाचा पंखा मात्र हळू फिरायला हवा. मधे प्रचंड मोठे गियर घालण्याऐवजी त्याने दोन पाती असलेली चाकं समोरासमोर ठेवली आणि मधे द्रव भरला. एक चाक फिरलं की द्रव दुसऱ्यावर आदळून त्याला फिरवतो. समोरासमोर ठेवलेले दोन टेबलफॅन आणा, एक चालू करा, दुसरा आपोआप हळूहळू फिरायला लागेल. तेच हे. पेटंट १९०५ चं. दोन चाकांना जोडणारं लोखंड नाहीच, म्हणून एक थांबलं तरी दुसरं फिरत राहू शकतं. म्हणजे सिग्नलला उभं राहायला क्लच नको! १९३० मध्ये इंग्लंडच्या डाइम्लर कंपनीने ही द्रवाची जोडणी गाड्यांत आणली आणि पुढे ती लंडनच्या बसगाड्यांत पोचली.

आता अर्ल थॉम्पसन परत येतो. डबल क्लच घालवल्यावर तो आणि त्याचे सहकारी क्लचच घालवायच्या मागे लागले. १९३० चं दशक मंदीचं होतं, तरी जनरल मोटर्समध्ये हे काम चालू राहिलं. १९३९ मध्ये ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या मॉडेलसाठी 'हायड्रामॅटिक' जाहीर झाला. क्लचचं पेडल नसलेला, चार गियर असलेला, मोठ्या संख्येने बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गियरबॉक्स. गाडीच्या किमतीवर वेगळे ५७ डॉलर. आत काय होतं? फ्योटिंगरची द्रवाची जोडणी आणि मॉडेल टीच्या जातीचे प्लॅनेटरी गियर. नवीन होतं ते हे, की पट्टे आणि क्लच आवळायला पायाऐवजी तेलाचा दाब, आणि कधी आवळायचं ते ठरवायलाही तेलच.

लगेच युद्ध आलं. अमेरिकेच्या हलक्या एम-५ रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं होती आणि प्रत्येकाला एक हायड्रामॅटिक. मोटारीच्या खरेदीदारांना जे नवलाचं वाटत होतं, त्याची परीक्षा रणगाड्यात झाली.

युद्धानंतर मागणी एवढी वाढली की हायड्रामॅटिकसाठी लिव्होनियाला मोठा कारखाना निघाला. लिव्होनिया आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर आहे, आम्ही भाजीला जातो तिकडे. १२ ऑगस्ट १९५३ ला तिथे कटिंग टॉर्चची ठिणगी ज्वालाग्राही द्रवावर पडली आणि सुमारे १५ लाख चौरस फुटांचा कारखाना जळून गेला. माणसंही गेली. ओल्डस्मोबिल आणि कॅडिलॅकला ब्यूइकचा डायनाफ्लो गियरबॉक्स बसवून दिवस काढावे लागले, पॉन्टियॅकला शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड. मग कंपनीने विलो रनचा कारखाना घेतला, जिथे युद्धात बी-२४ बॉम्बर विमानं बनत, आणि काही आठवड्यांत उत्पादन पुन्हा सुरू केलं. एक रविवार मी अण्णांना हा सगळा परिसर दाखवायला नेलं. बघण्यासारखं फार काही नाही. अण्णा म्हणाले, "एका कारखान्याच्या आगीने इतक्या गाड्या अडल्या? म्हणजे तोवर लोक क्लच विसरलेच होते की."

मला हे वाक्य तेव्हा नुसतं आवडलं. पटलं ते नंतर.

तर आता गॅरेज.

माझ्या गाडीत होता 'टर्बो हायड्रामॅटिक ३५०'. तीन गियरांचा. ब्यूइक आणि शेव्हरोलेने मिळून केला, १९६९ मध्ये आला आणि १९८४ पर्यंत गाड्यांत बसत होता. लाखोंनी बनला, त्यामुळे त्याचे सील, गॅस्केट, घर्षणाच्या चकत्या आजही एका खोक्यात एकत्र मिळतात. हौशी माणसाने पहिल्यांदा उघडावा तर हाच, असं सगळे सांगतात. गाडी चार स्टँडवर उचलून, उसन्या आणलेल्या जॅकवर साधारण पंचावन्न किलोचं ते धूड उतरवलं. तळाचं पॅन उघडल्यावर काळं तेल आणि जळका वास. "क्लचप्लेट जळल्यात," अण्णांनी वासावरून सांगितलं. क्लचचा वास जगात सगळीकडे सारखाच.

या तेलाचीही एक गोष्ट आहे. गळलं तर ओळखू यावं म्हणून ते लाल रंगाचं असतं. आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात चकत्या हळुवार पकडाव्यात म्हणून देवमाशाचं, स्पर्म व्हेलचं, तेल मिसळत. मग अमेरिकेने त्याच्यावर बंदी घातली आणि रसायनवाल्यांना पर्याय शोधावे लागले. "म्हणजे ही गाडी मूळची मांसाहारी!" हे आईचं.

सुटे भाग निघायला लागले तसा माझा धीर सुटायला लागला. दीडशेच्या वर वस्तू. इथे अण्णांनी गोष्ट हातात घेतली. आईने येताना वाण्याकडच्या मागच्या वर्षीच्या कालनिर्णयात काहीबाही गुंडाळून आणलं होतं. अण्णांनी त्याची पानं टेबलावर पसरली आणि पहिला भाग ठेवला एक तारखेला. दुसरा दोन तारखेला. मोठे ड्रम चौकटीत मावेनात, त्यांना तारखेची चिठ्ठी. महिना संपला की पुढचं पान. बसवताना उलटं यायचं, बस्स. फॅक्टरीच्या मॅन्युअलमध्ये इतकी सोपी पद्धत नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघाले दोन प्लॅनेटरी संच, दोघांना मिळून एकच लांब सूर्य. ही रचना हॉवर्ड सिम्पसनची. हा गृहस्थ फोर्डच्या कंपनीत ट्रॅक्टरवर काम केलेला. त्याची मांडणी क्रायस्लरने १९५६ च्या टॉर्कफ्लाइटमध्ये वापरली, मग फोर्डने, मग जनरल मोटर्सनेही. तीन एकमेकांचे हाडवैरी, आणि पोटात तिघांच्याही एकाच माणसाची कल्पना.

आणि फेब्रुवारीत सापडला अण्णांचा 'कुणीतरी'. एक चपटा ओतीव ठोकळा, आत वारुळासारख्या वाटा, त्यात सरकणाऱ्या पेन्सिलीएवढ्या खिट्ट्या. व्हॉल्व्ह बॉडी म्हणतात. त्यातल्या एका खिट्टीच्या एका टोकाला तेलाचा दाब येतो गव्हर्नरकडून. गव्हर्नर म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टबरोबर फिरणारी वजनं, वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि दाब वाढतो. वॅटच्या वाफेच्या इंजिनावरच्या दोन गोळ्यांचा हा नातू. दुसऱ्या टोकाला एक स्प्रिंग आणि इंजिनावर किती ओझं आहे त्याप्रमाणे येणारा दाब. दोघांची रस्सीखेच. चढ असेल, पाय जोरात दाबला असेल, तर ओझं जिंकतं आणि गाडी खालच्याच गियरमध्ये राहते. सपाटीवर वेग जिंकतो, खिट्टी सरकते, तेलाला नवी वाट मिळते आणि पुढचा क्लच आवळला जातो.

मी हे वाचून दाखवलं. अण्णा बराच वेळ खिट्टी पुढे-मागे करत बसले. मग म्हणाले, "मी दुसरं काय करायचो? किती पळतीय आणि किती कण्हतीय, दोनच तर गोष्टी ऐकायच्या असतात."

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यातला सगळा इतिहास जागेवर बसला. थॉम्पसन आणि त्याच्या माणसांनी ड्रायव्हरला काढून टाकलं नव्हतं. ड्रायव्हर काय ऐकतो हे त्यांनी इतक्या बारकाईने ऐकलं, की ते तेलाला शिकवता आलं. आणि मग लोकांना ते ऐकायची गरज उरली नाही, म्हणून लोक विसरले. कौशल्य नाहीसं झालं नाही, पॅनच्या वर तेरा बोल्टांच्या मागे बंद झालं. घरी उघडून बसणारे हौशी लोक पैसे वाचवतात हे खरंच, पण माझ्या मते ते तिथे जाऊन ते परत ऐकतात.

(आता एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर फजिती सांगायलाच हवी.)

नव्या चकत्या बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात. त्यासाठी मी घेतली आईची परात. न विचारता. छोटे वॉशर जागेवर चिकटून राहावेत म्हणून व्हॅसलीन लागतं, तेही तिचंच. या दोन गुन्ह्यांची माहिती आपल्या सर्व नातेवाइकांना आहेच. सगळं उलट्या तारखांनी बसलं, टॉर्क कन्व्हर्टर फिरवत फिरवत तीन टप्प्यांत 'खट्' करून आत गेला, गाडी सुरू झाली. पहिला गियर, छान. दुसरा, छान. तिसरा... नाही. रिव्हर्स, तोही नाही!

मी गॅरेजच्या फरशीवर बसलो. अण्णांनी विचारलं, "तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये सामाईक काय आहे?"

तक्ता काढला. पुढच्या तिन्ही गियरांत फॉरवर्ड क्लच लागतो. दुसऱ्यात त्याच्या जोडीला इंटरमीडिएट. आणि डायरेक्ट क्लच लागतो फक्त दोन ठिकाणी. तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये.

"कुठल्या तारखेला आहे तो?"

"सतरा जानेवारी."

"मग चल, सतरा जानेवारी उघड."

परत सगळं खाली. डायरेक्ट क्लचच्या पिस्टनवरच्या रबरी सीलची ओठासारखी कड बसवताना दुमडून फाटली होती. चूक सर्वस्वी माझी. तेल तिथून निसटत होतं, पिस्टन सरकतच नव्हता. मॅन्युअलने सांगितलं होतं की जोडताना प्रत्येक क्लचच्या भोकात हवा सोडून तपासा. माझ्याकडे कॉम्प्रेसर नव्हता म्हणून मी ते पान उलटलं होतं. या वेळी शेजाऱ्याचा आणला. एकेका भोकात हवा सोडली की आतून 'ठक्' आवाज येतो, पिस्टनने चकत्या दाबल्याचा. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. सगळे 'ठक्' मिळेपर्यंत त्यांनी मला पुढे जाऊ दिलं नाही.

अशी दुरुस्ती आणखी किती वर्षं होईल? पुढे गियर केव्हा बदलायचा हे कॉम्प्युटर ठरवू लागला, खिट्ट्यांच्या जोडीला विजेवर चालणारे व्हॉल्व्ह आले, गियरांची संख्या आठ-दहावर गेली. हौशी लोक तेही उघडतात, पण पान्यांबरोबर लॅपटॉप लागतो. भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोने वेगळीच वाट धरली. गियरबॉक्स साधा मॅन्युअलच ठेवला आणि क्लच दाबायचं, दांडा हलवायचं काम यंत्राला दिलं. थॉम्पसनने ड्रायव्हरचा कान यंत्रात घातला होता, इथे त्याचा पाय घातला. आणि बहुतेक विजेच्या गाड्यांत बदलायला दुसरा गियरच नसतो. तिथे अण्णांचा प्रश्नच संपतो.

असो.

अण्णा-आईंच्या परतीच्या विमानाला चार दिवस होते, तेव्हा मी एका रिकाम्या पार्किंगमध्ये किल्ली अण्णांच्या हातात दिली. ते तीन वर्षांनी स्टिअरिंगमागे बसत होते. बरोबर डांबरावर पाणी सांडल्यासारखी गाडी निघाली. दुसरा पडायच्या सुमाराला त्यांचा डावा पाय सवयीने क्लच शोधत गेला आणि त्याला सापडलं ब्रेकचं रुंद पेडल. मी डॅशबोर्डवर. आई मागून, "अहो!"

त्यांनी डावा पाय मांडीखाली घेतला, गुडघा जेवढा दुमडेल तेवढा, आणि पुन्हा निघाले. खिडकी खाली केली, मान थोडी तिरकी केली. मी ती मान लहानपणापासून घाटात बघितली आहे.

"बदलला," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "बदलला." दोन्ही वेळा मला काहीच कळलं नव्हतं.

परात नवीन आणून दिली आहे. जुनी गॅरेजमध्येच असते.